मुकुटाचा शिक्का महायुद्धाची साक्ष देत नाही

गेले काही महिने ठाणे आणि नवी मुंबईतील जुन्या वस्तूंच्या संग्राहकांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून एक संदेश फिरत आहे. वैमानिकाच्या चामडी टोपीत मुकुट आणि 'ए. एम.' अक्षरांचा शिक्का किंवा बाणाची खूण असली आणि चामडे तडकलेले असले, की ती १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतील (दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीविरुद्धच्या हवाई लढाईतील) अस्सल टोपी समजावी, असे त्यात म्हटले आहे. पुढे सल्ला असा, की तिला खोबरेल तेल चोळून ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावी. विमानातील होकायंत्राची तबकडी अंधारात चमकत नसेल तर ती निर्धोक मानावी. आणि ७५ वर्षे उलटल्यामुळे या सर्व वस्तूंची सरकारदरबारी नोंद करावी. यातील एकही विधान जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही आणि काहींमुळे वस्तूंची भरून न येणारी हानी होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम शिक्का. 'ए. एम.' म्हणजे एअर मिनिस्ट्री, अर्थात ब्रिटनचे हवाई खाते. ते १९१८ मध्ये स्थापन झाले आणि १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झाले; म्हणजे १९४५ मध्ये दुसरे महायुद्ध संपल्यानंतरही सुमारे १९ वर्षे हा शिक्का मालावर उमटत होता. पाहायचा असेल तर मुकुटाचा आकार पाहावा. युद्धकाळातील ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज याच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोलाकार जातात, तर १९५२ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या एलिझाबेथच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. बाणाची खूण तर शतकानुशतके ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर आहे आणि भारतात स्वीकारलेल्या मालावर बाणासोबत 'आय' हे अक्षरही आढळते. त्या खुणेवरून मालकी कळते, वर्ष कळत नाही. शिवाय रबरी शिक्का करून घेणे हे नकली माल विकणाऱ्याचे सर्वांत सोपे काम आहे.

संदेशासोबतच्या छायाचित्रातील टोपीच संदेशाला खोटे पाडते. तिच्या कानांवर इअरफोन बसवण्याचे रबरी कप आहेत, म्हणजे ती 'सी' प्रकारची आहे. हा प्रकार १९४१ मध्ये वापरात आला आणि ब्रिटनची लढाई ऑक्टोबर १९४० मध्येच संपली होती. त्या लढाईतील वैमानिकांच्या डोक्यावर प्रामुख्याने 'बी' प्रकारची टोपी असे, जिच्या कानांवर चामड्याचे जाड, झिप लावलेले फुगीर कप्पे असत. 'सी' प्रकार युद्धानंतरही वापरात राहिला, त्यामुळे तो हाती आला म्हणून युद्धकाळ सिद्ध होत नाही. माझ्या मते एका खुणेवर विसंबण्याऐवजी सर्व भाग एकमेकांशी जुळतात का, हे तपासावे : लेबलावरील '२२सी' ने सुरू होणारा साठा क्रमांक, माप, इअरफोनची तार आणि जोडणी, अस्तरातील मऊ शॅमॉय चामडे आणि शिवणीचा दोरा. वेल्क्रो किंवा नायलॉनच्या दात्यांची झिप दिसली, तर तो भाग युद्धानंतरचा, हे निश्चित.

तडकलेल्या चामड्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नवे चामडेही उन्हात आणि उष्णतेत ठेवून अल्पावधीत तडकवता येते, आणि नीट सांभाळलेली अस्सल टोपी आजही मऊ असू शकते. झीज किती आहे यापेक्षा ती कोठे आहे, हे पाहावे : हनुवटीचा पट्टा, ऑक्सिजन मास्क अडकवण्याची जागा, कपाळावरील अस्तर.

खोबरेल तेलाचा सल्ला मात्र मला सर्वाधिक अस्वस्थ करतो, कारण तो मी स्वतः एकेकाळी पाळला होता. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेल्या माझ्या पहिल्या टोपीला मी मनापासून तेल चोळले. चामडे काळवंडले, पुढच्या पावसाळ्यात शिवणीवर बुरशी आली आणि पितळी बकलांभोवती मेणासारखा हिरवा थर जमला. चामड्यातील स्निग्धांशाची पितळातील तांब्याशी प्रक्रिया होऊन तो तयार होतो. थंडीत खोबरेल बाटलीत घट्ट होते, तसेच ते चामड्यावरही पांढरे होऊन बसते. संग्रहालयांतील जतनतज्ज्ञ आता जुन्या चामड्याला तेल देणे टाळतात, कारण तेल काळाने चिकट होते, धूळ धरते आणि एकदा मुरले की परत निघत नाही. प्लास्टिकची पिशवी तर ओल आतच कोंडते. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि बुरशीला सुमारे ६५ ते ७० टक्के पुरेशी होतात. मी आता टोपीत धुतलेल्या मांजरपाटाचा गोळा भरून तिचा आकार राखतो, वरून तेच कापड पांघरतो, कपाटात ओल शोषणारे सिलिका जेल ठेवतो आणि कोरड्या दिवशी सावलीत हवा देतो. ऑक्सिजन मास्क वेगळा ठेवावा, कारण रबरातील गंधकामुळे शेजारचे तांबे आणि चांदी काळी पडते.

होकायंत्राच्या तबकडीविषयीचे विधान धोकादायक आहे. त्या काळच्या चमकत्या रंगात रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असे. चमक जाते ती रेडियम संपल्यामुळे नव्हे, तर प्रकाश देणारे झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचा आहे, त्यामुळे न चमकणारी तबकडीही जवळपास पूर्वीइतकाच किरणोत्सार करते. तिची काच उघडू नये, रंग खरवडू नये आणि ती झोपण्याच्या खोलीत ठेवू नये.

राहिला कायदा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमात वस्तूंसाठी सर्वसाधारण मर्यादा १०० वर्षांची आहे, त्यामुळे १९४१ ची टोपी अद्याप त्यात बसत नाही. ७५ वर्षांची मर्यादा ऐतिहासिक, वैज्ञानिक, वाङ्मयीन वा सौंदर्यमूल्य असलेल्या हस्तलिखितांना, अभिलेखांना आणि कागदपत्रांना आहे. टोपीबरोबर वैमानिकाची हस्तलिखित उड्डाण-नोंदवही मिळाली असेल, तर तिच्यासाठी मात्र पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी आणि तोवर ती टोपीपासून वेगळी विकू नये.