गाण्याच्या बैठकीत तरी गप्प बसा!

छोटा हॉल, माइकशिवायचं गाणं, गायक हातभर अंतरावर. आणि विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, एकताल सुरू झाला की काही श्रोत्यांची तोंडं सुरू! अहो, १२ मात्रांचं, म्हणजे ठोक्यांचं, एक आवर्तन, तालाची एक फेरी, फार तर मिनिटभराचं. तेवढाही धीर नाही? तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून उमटणारा गंधार, तो ‘ग’, आत्ता कुठे कानाला लागतोय, तेवढ्यात शेजारी वेफर्सचं पाकीट फुटतं. पुढचा मोबाइल डोक्यावर धरून बसलेला. मागच्यांनी काय त्याच्या स्क्रीनवर मैफल बघायची? सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यायच्या आधीच ‘क्या बात है’! आणि मैफलीच्या शेवटची भैरवी लागली की चपला शोधायला धावाधाव. भैरवीला उठतात, भैरवीला! गप्पाच मारायच्यात ना? मग कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात बसा की रात्रभर. आम्हाला ऐकू द्या!