स्टॉल लावताय? मग एलईडीवाल्याला असं वागवा

पुढच्या महिन्यात प्रदर्शनात तुमच्या कंपनीचा स्टॉल लागणार असं कळलं. अभिनंदन. गोरेगावचं नेस्को असो, पुण्याजवळचं मोशी असो, हैदराबादचं हायटेक्स असो नाहीतर दिल्लीचं प्रगती मैदान (आता भारत मंडपम म्हणायचं, पण टेम्पोवाल्याला तसं सांगितलं की तो परत विचारतो, कुठं?), तुमच्या स्टॉलवर काळा टीशर्ट घातलेला, लाल डोळ्यांचा, खिशात कटर आणि केबल टाय कोंबलेला एक माणूस असणारच. तो मी, किंवा माझ्यासारखाच कुणीतरी, स्टॉलवर एलईडीचा मोठा स्क्रीन, म्हणजे वॉल, उभी करणारा. त्याला कसं वागवायचं यात लोकांचा फार गोंधळ होतो. मी नुकताच बंगळूरचा एक शो उरकून आलोय, सगळं डोक्यात ताजं आहे, तोवर सांगून टाकतो.

नाव विचारायचं नाही. "ओ एलईडी" एवढी हाक पुरते.

आता मुख्य काम. स्टॉलची जागा कित्येक महिने आधी बुक करा, डिझाइन चार वेळा बदला, ब्रोशरचा कागद किती जाड हवा यावर मीटिंगा घ्या. पण एलईडी वॉलवर काय दाखवायचं ते मात्र उद्घाटनाच्या आदल्या रात्रीच ठरवायचं. आम्ही कोटेशनमध्येच लिहून दिलेलं असतं की वॉल ३ मीटर बाय २ मीटर, पिच (दोन पिक्सेलमधलं अंतर) २.६ मिलिमीटर, अर्ध्या अर्ध्या मीटरचे २४ कॅबिनेट (जोडून वॉल होते ते चौकोनी तुकडे), एकेकात १९२ बाय १९२ पिक्सेल, म्हणजे तुमची फिल्म ११५२ बाय ७६८ ची बनवा. ते पान वाचायचं नाही. मेलला "नोटेड" असं उत्तर द्यायचं आणि विसरायचं. मग रात्री दीड वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्म पाठवायची. मोबाइलवर बघायला केलेली, उभी. व्हॉट्सअ‍ॅपने आधीच दाबून चेपून तिचा जीव काढलेला, आणि ती लागली की दोन पावलं मागं जाऊन मान तिरकी करून विचारायचं, "थोडं ब्लर वाटतंय का? स्क्रीन जुनी आहे का तुमची?"

उभी फिल्म आडव्या वॉलवर लावली की मधे ४३२ पिक्सेलची पट्टी आणि दोन्ही बाजूंना ३६०-३६० पिक्सेल काळोख. हे गणित आहे, माझी खोडी नाही. पण तुमच्या स्टॉलवरच्या मॅडमना काळोख चालत नाही. "फुल स्क्रीन करा ना." केलं. एमडीसाहेब अडीच पटीच्या वर रुंद झाले. "अय्यो, सर जाडे दिसतायत." बरं, ताणत नाही, झूम करतो. आता सरांचं कपाळ गेलं, हनुवटी गेली आणि खालचा लोगो तर कार्पेटच्या खाली गेला. "लोगो कसा जाईल? लोगो पायजे." परत बारीक केलं, परत काळोख. "मगाशीच बरं होतं." मगाशी म्हणजे कधी? जाडे सर का बिनकपाळाचे सर? हे रात्री पावणेतीनपर्यंत चाललं, त्यात एजन्सीचा एक पोरगा मुंबईहून फोनवर मला सांगतोय की सेटिंगमध्ये ऑप्शन असेल बघा. असतो ना ऑप्शन, साहेबांना आडवं झोपवून परत शूट करायचा. शेवटी मी माझ्या लॅपटॉपवर दोन्ही बाजूंना निळा रंग भरला आणि वर त्यांचाच लोगो चिकटवला, तर सकाळी मॅडम सरांना म्हणाल्या, "सर, आम्ही रात्री बसून डिझाइन केलं."

आम्ही.

चहाची किटली एलईडीच्याच बोर्डाला लावा. दुसरं प्लग पॉइंट चार पावलांवर असलं तरी. किटली १५०० वॅटची, साडेसहा अँपिअर खाते, वर कॉफी मशीनही त्यातच खुपसा. एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडेल, वॉल काळी होईल, बरोबर तेव्हाच पाहुणे रिबन कापायला येतील, आणि सगळे माझ्याकडे बघतील. किटलीकडे कुणी बघत नाही. डीबीच्या (वीज वाटणाऱ्या बोर्डाच्या) केबलवरून टेबलही ओढायला विसरू नका, थ्री फेजमध्ये न्यूट्रल ढिला झाला तर २३० व्होल्टच्या जागी एखाद्या फेजवर तीनशेच्या वर जातात आणि पॉवर सप्लाय लाह्यांसारखे फुटतात. त्याचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न प्रदर्शन संपल्यावर काढायचा.

हॉलला एसी सुरू झाल्यावरच यायचं. त्याआधीच्या दिवसांत तिथं एमडीएफचा (दाबलेल्या लाकडाच्या फळ्यांचा) भुसा, थिनरचा वास आणि आम्ही असतो.

प्रवासाचं विचारलं तर सांगा, "तुम्हाला काय, मजा आहे, सगळा देश फुकट फिरता." खरंय. मुंबईहून एनएच ४८ धरायचा, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे, कारण सामान महाग आहे आणि त्याच्याबरोबर कुणीतरी पायजे. बीआयईसी, म्हणजे बंगळूरचं प्रदर्शन केंद्र, पडतं तुमकूर रोडवर, शहराच्या अलीकडेच, म्हणजे हायवेवरून उतरलो की थेट गेटपासच्या लाइनीत. इतकी वर्षं बंगळूरला जातोय, बंगळूर बघितलेलं नाही. हैदराबादला चारमिनार बघितला तो हॉटेलच्या बिलावरच्या चित्रात. दिल्लीत दिवसा ट्रकला नो एन्ट्री, त्यामुळं बॉर्डरवरचे ढाबे मात्र मला छान पाठ आहेत, तेवढं फिरणं धरा.

आणि पाठ असण्यावरून आठवलं. दिल्लीचा तो आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर असतो. १४ दिवस. तिथं तुमची दोन मिनिटांची फिल्म आवाज फुल करून लूपवर ठेवा. तुमच्या सेल्सच्या माणसांना कंपनी कधी स्थापन झाली ते आठवत नाही, मला विचारतात. मी सांगतो, तोल न ढळता, म्युझिकसकट.

जेवणाची कुपनं मोजताना त्याला मोजायचं नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमची सगळी टीम फ्लाइट आहे म्हणून पाच वाजताच गायब झाली पायजे. मग लोक येतात, दादा ही कुंडी घेऊ का, हा स्टँड टाकणार आहात का, आणि तुमचं मशीनचं मॉडेल, उरलेले ब्रोशर, मॅडमची छत्री असं सगळं माझ्या अंगावर सोडून फोन करायचा, "भैया, जरा पॅक करून कुरिअर कराल का, तुमच्याकडं बॉक्स असतीलच." माझ्याकडं फ्लाइट केस आहेत हो, त्यात एलईडी जाते. तिकडं फोर्कलिफ्ट अंगावर येतायत, गेटवर टेम्पोची रांग, सकाळच्या आत हॉल मोकळा करायचाय, आणि मी तुमच्या छत्रीसाठी बबल रॅप शोधतोय.

बास. आता सरळ बोलतो.

बंगळूरला फिल्मचं सगळं निस्तरून पावणेतीनला आम्ही कॅबिनेटच्या मागं फोम टाकून आडवे झालो होतो. सव्वातीनला उठवलं. का, तर वॉल एक फूट वर पायजे, रिसेप्शनच्या टेबलामागं खालचा भाग झाकला जातोय. टेबल हलवा म्हणलं, तर टेबल डिझाइनप्रमाणं आहे. ते डिझाइन मला महिनाभर आधी कुणी दाखवलं होतं का? पावणेदोनशे किलोची वॉल आहे ती, भिंतीवरचं कॅलेंडर नाही. उतरवायची, बेस वाढवायचा, परत चढवायची. माझ्याबरोबरचा हेल्पर वीस वर्षांचा पोरगा, दोन रात्री झोपलेला नाही, ट्रसवर (वॉल ज्यावर उभी राहते त्या सांगाड्यावर) चढताना त्याचा पाय सटकला. हातानं धरलं म्हणून वाचला. खाली उभ्या असलेल्या साहेबांनी वर बघून काय विचारलं, तर "स्क्रीनला काही लागलं नाही ना?"

लाज वाटली पायजे. तुमच्या घरचं पोरगं त्या ट्रसवर असतं तर हेच विचारलं असतं का? तुम्हाला ठरवायला सहा महिने मिळतात, तेव्हा झोपा काढता, आणि मग तुमची झोप वसूल करता आमच्याकडून. वर "तुमचं कामच आहे हे." आमचं काम वॉल उभी करायचं आहे, तुमचा आळस उभा करायचं नाही. एक पान वाचा. एक मेल. त्यात साइज आहे, लोड किती लागणार ते आहे, फिल्म कधीपर्यंत द्यायची ती तारीख आहे, आणि रात्री दहानंतर बदल नाहीत असंही लिहिलंय, खाली तुमच्याच माणसाची सही आहे.

आणि पैसे. आमचा मालक छोटा माणूस आहे, उद्यममध्ये, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, रजिस्टर आहे. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की अशा माणसाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तुमच्या अकाउंट्सला हे चांगलं माहीत आहे, तरी फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". तुमचं प्रोसेसमध्ये असतं तेव्हा त्या पोराची हजेरी पण अडकते. ट्रसवर चढताना तो म्हणाला नाही, प्रोसेसमध्ये आहे.

मागच्या शोचं बिल अजून तुमच्याकडं पडलंय. पुढच्या महिन्याचं कोटेशन मागायला फोन करताय ना, आधी ते काढा.