आयडलिंगला थरथरली गाडी की मार कार्ब क्लीनर? जरा थांबा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला जोरात फिरतोय: ‘गाडी आयडलिंगला थरथरतेय? मग व्हॅक्यूम लीकच. इंजिन चालू ठेवून पाइपांवर कार्ब क्लीनर मारा. आरपीएम चढला तिथे लीक. नाही चढला तर गाडी ठीक. कुठल्याही गाडीला चालतं.’ व्हॅक्यूम लीक म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेतल्या फटीतून जास्तीची हवा आत शिरणं; कार्ब क्लीनर म्हणजे काजळी धुवायचा स्प्रे. यातलं एकेक विधान तपासायलाच हवं, कारण या नादात गाडीला आग लागू शकते.

‘थरथरतेय म्हणजे लीकच.’ नाही. प्लग झिजला, कॉइल कमजोर झाली, इंजेक्टर तुंबला, थ्रॉटल बॉडीत (हवेच्या झडपेत) काजळी साचली, इंजिन माउंटिंग बसलं, तरी गाडी थरथरतेच. लीकची खूण वेगळी आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) ओढ जबरदस्त असते, त्यामुळे फटीतून शिरलेली हवा एकूण हवेच्या मानाने बरीच ठरते. रेस दिली की तिचं प्रमाण नगण्य होतं. म्हणून अशी गाडी सिग्नलला कुरकुरते आणि हायवेला निमूट पळते. चढाला दम लागत असेल तर आधी फ्युएल पंप आणि फिल्टर बघा.

हे आकड्यांतही दिसतं. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ पोर्ट (इंजिनाची माहिती देणारं सॉकेट) आहे. त्यात साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा. इंजिन गरम झाल्यावर शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिमची बेरीज बघा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, तो हा आकडा. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ५ आलं, तर लीकचा संशय पक्का. दोन्हीकडे अधिक २० असेल तर बहुधा पेट्रोलच कमी पोचतंय. मात्र आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एअरफ्लो सेन्सरऐवजी मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. लीकमुळे दाब वाढला की ईसीयू पेट्रोलही वाढवतो. मग ट्रिम फारसा हलत नाही. आयडलिंगच वर चढून बसतं.

‘आरपीएम चढला नाही तर गाडी ठीक.’ हे सगळ्यांत फसवं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आयडलिंग लगेच जागेवर आणतो, त्यामुळे खरं लीकही लपतं. उलट फवारा एअर फिल्टरच्या तोंडाशी ओढला गेला तर लीक नसताना आरपीएम हलतो. पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या) पाइपाचा कोपरा हाताने वाकवून बघा: वरून धड दिसणारं रबर खालच्या बाजूला चिरलेलं असतं, आणि तिथे फवारा पोचतच नाही. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पातळ व्हॅक्यूम पाइप आधी तपासा.

आता आगीचं. कार्ब क्लीनर ज्वालाग्राही असतो. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, जुन्या गाडीत ठिणगी सोडणारी प्लग वायर. त्यावर असा फवारा मारायला कुणी सांगत असेल तर ऐकू नका. कुणी पेट्रोल शिंपडायला सांगतं, ते तर त्याहून भयंकर. साबणाच्या पाण्याचाही उपयोग नाही; चालू इंजिन ते आत ओढतं, बुडबुडे येणार कुठून? हात, कान आणि स्कॅनर वापरून सापडलं नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. इंजिन बंद ठेवून अगदी कमी दाबाने धूर भरतात आणि तो फटीतून बाहेर दिसतो.

‘कुठल्याही गाडीला चालतं.’ डिझेलला मुळीच नाही. तिथे ओढ थ्रॉटलमुळे नव्हे, वेगळ्या व्हॅक्यूम पंपातून येते, आणि असलं ज्वालाग्राही काही इनटेकमध्ये गेलं तर इंजिन स्वतःहून भडकून रेस घेऊ शकतं.

आणि ब्रेक बूस्टरचा (इंजिनाच्या ओढीवर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) पाइप या सल्ल्यात कुठेच नाही, याचा मला सगळ्यांत राग येतो. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, किंवा दाबून धरल्यावरही पायाशी फुसफुस येत राहिली, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.