तिसरी पायरी

'पाणी काढायचं सोडून साठवत बसलेत!' घरच्या ग्रुपवर दादाचा हा मेसेज दर पावसाळ्यात येतो आणि दर पावसाळ्यात माझं डोकं फिरतं. विषय हिंदमाताचा, मुंबईत दादर-परळच्या मधला दर पावसात तुंबणारा भाग. आमचं घर तिथल्याच एका चाळीत, तळमजल्यावर. दादा-वहिनी अजून तिथेच राहतात. मी २००९ पासून कोपनहेगनला.

महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. भरतीला समुद्र पाणी आत घेत नाही, म्हणून तेवढा वेळ हिंदमाताचं पाणी पंपाने टाक्यांत न्यायचं आणि ओहोटी लागली की सोडून द्यायचं. यात न कळण्यासारखं काय आहे? भाग बशीसारखा. जुन्या वाहिन्या इंग्रजांच्या काळातल्या, तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने घातलेल्या. कितीही गाळ उपसा, भरतीपुढे नालेसफाईचं काय चालणार?

इथे कोपनहेगनला हेच केलं तर बाहेरच्या देशांतून लोक बघायला येतात. २ जुलै २०११ला दोन तासांत साधारण १५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर पाण्यात गेलं. आमच्या तळघरात गुडघाभर पाणी. पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा आराखडा केला. सुमारे ३०० कामं, २० वर्षांची मुदत. एंगहावे पार्क आता वेळ पडली तर सव्वादोन कोटी लिटर पाणी पोटात घेतो. आम्ही राहतो त्या ओस्टरब्रो भागात टोसिंगे चौकातलं डांबर उखडून हिरवे उतार केले. एरवी मुलं तिथे लोळतात, पावसात पाणी जिरतं. पैसा बराचसा पाणीपट्टीतून. 'साठवत बसलेत' म्हणून कुणी खिदळत नाही.

दादाला मी हे असंच लिहून पाठवलं. काही गोष्टी गाळल्या. इथल्या समुद्राला भरती जेमतेम वीतभर, मुंबईत चार-साडेचार मीटर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेवढा इथे अख्ख्या वर्षात पडत नाही. ती रात्र आम्ही दोघांनी आईला माळ्यावर चढवून काढली होती, त्यामुळे हे त्याला मी सांगायची गरजही नव्हती.

आणखी एक गाळलं. आमच्या रस्त्यावरच्या पार्किंगच्या जागा काढून तिथे पाणी मुरवायचे वाफे करणार, असं कोमुनेचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, पत्र ई-बोक्समध्ये (सरकारी पत्रांची ऑनलाइन पेटी) आलं, तेव्हा हौरिंगला, म्हणजे लोकांची मतं मागवतात तिथे, हरकत मीच नोंदवली. गाडी कुठे लावायची, एवढाच प्रश्न. नवरा म्हणाला, 'ग्रुपवर टाकू का?' मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

मग २६ मे २०२५. मान्सून लवकर आला आणि हिंदमाताला पुन्हा पाणी. पंप वेळेत चालवले नाहीत म्हणून महापालिकेने ठेकेदारांना दंड केल्याची बातमी पुढे आली, तीही दादानेच पाठवली. खाली एवढंच, 'बघ तुझी टाकी.'

माझी! मी वैतागून सगळं परत लिहिलं. टाकी वेगळी, पंप वेगळा, पंपाचं बटण दाबणारा माणूस वेगळा, आणि तुम्ही लोक तिन्ही एकाच गाठोड्यात बांधता. 'तुम्ही लोक' असं मी लिहिलं हे पाठवल्यावर दिसलं. पुसेपर्यंत त्याने वाचलं होतं. उत्तरादाखल नुसता अंगठा. ज्या दिवशी पाणी भरलं त्या दिवशी तो लाकडी कपाट विटांवर चढवत होता, कमरेत लचक भरली, हे वहिनीकडून नंतर कळलं.

न राहवून फोन केला. भांडण काढायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून घरातलंच विचारलं, 'पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं का रे?' आमचं मोजमाप तेच. खालून तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की आई धान्याचे डबे वर टाकायला घ्यायची, त्याच्या आत नाही.

दादा जरा वेळ बोललाच नाही.

'अगं, तिसरी कुठली? डांबरावर डांबर टाकून रस्ता केवढा वर आलाय. आता एकच पायरी उरलीये आपल्याला.'