एइबारची वर्गणी आणि आपला तालुका: एका फिरत्या मेसेजचा हिशेब

विदर्भातल्या फुटबॉल मंडळांच्या गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "स्पेनमधलं एइबार. वस्ती फक्त २७ हजार, आपल्या तालुक्याच्या गावाएवढी. सरकारचा एक पैसा नाही, पाठीशी कोणी धनदांडगा नाही. गावकऱ्यांनी माणशी ५० युरो वर्गणी काढली आणि थेट रिअल माद्रिद, बार्सिलोनाच्या लीगमध्ये जाऊन बसले. जर्मनीतलं हॉफेनहाइम तर ३ हजारांचं खेडं, तेही पहिल्या लीगमध्ये. भारतात असं कोणी केलंच नाही. आपण घरामागे ५०० रुपयांचा शेअर काढला तर पाच वर्षांत आयएसएल (भारतातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग)!"

हेतूबद्दल वाद नाही. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच मंडळांची गाडी अडते.

आधी साधा गुणाकार. २७ हजार माणसं गुणिले ५० युरो म्हणजे साडेतेरा लाख युरो. एइबारला गोळा करायचे होते १७,२४,२७२ युरो. पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या आजोबापर्यंत सगळ्यांनी पैसे टाकले असते, तरी पावणेचार लाख कमीच पडले असते. शेअर घेणारे पन्नासेक देशांतले होते. दुसऱ्या क्लबकडून काही काळ उसने येऊन तिथे खेळून गेलेले झाबी अलोन्सो, डेव्हिड सिल्वा यांच्यासारखे खेळाडू मोहिमेच्या मागे उभे राहिले, म्हणून बातमी जगभर गेली. ५० युरो ही एका शेअरची किंमत होती. वरची मर्यादा माणशी १ लाख युरो ठेवली होती, कारण एखाद्याने सगळे शेअर उचलून क्लब खिशात घालू नये. मेसेज लिहिणाऱ्याने ५० चा आकडा उचलला आणि मर्यादा सोडून दिली. आपल्याकडच्या मंडळांना खरी गरज त्या मर्यादेचीच आहे.

"वर्गणी काढली आणि वरच्या लीगमध्ये गेले" हा क्रमही उलटा आहे. एइबार २०१३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत आला आणि मे २०१४ मध्ये दुसरी जिंकून पहिलीत पोचला. हे सगळं मैदानावर झालं. पैशाचा प्रश्न उभा राहिला तो १९९९ च्या एका शासकीय आदेशामुळे. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांच्या सरासरी खर्चाच्या एक चतुर्थांश इतकं भागभांडवल क्लबच्या कंपनीकडे असलंच पाहिजे, असा तो नियम. एइबारकडे होतं ४ लाख २२ हजार युरो, हवं होतं २१ लाख ४६ हजार. ऑगस्ट २०१४ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत फरक भरला नसता, तर लीग जिंकलेला संघ सरळ तिसऱ्या श्रेणीत ढकलला गेला असता. क्लबवर कर्ज नव्हतं, आणि त्याच वेळी डोक्यावर कर्जाचे डोंगर असलेले क्लब मजेत खेळत होते. थोडक्यात, लोकांचा पैसा लागला तो आधीच मिळवलेली जागा राखायला. तो खेळाडू आणायला किंवा वर चढायला मागितलेला नव्हता.

"सरकारचा एक पैसा नाही" हे तर सरळ चूक. इपुरुआ हे १९४७ पासूनचं मैदान नगरपालिकेचं आहे. क्लबचं सगळ्यात मोठं भांडवल, म्हणजे मैदान, सार्वजनिक मालकीचं. आणि एइबार हे शेतीवर जगणारं गावही नाही. शतकानुशतकं बंदुका बनवणारं हे कारखान्यांचं गाव. अल्फा शिलाई मशीन, ऑर्बिया आणि बीएच सायकली यांचं मूळ तिथलं. गल्लोगल्ली लेथ मशीन असलेल्या आणि संपाचा, संघटनेचा अनुभव असलेल्या गावात सभासद जमवणं, हिशेब ठेवणं या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात. विदर्भात याच्या जवळपास जाणारी गावं म्हणजे कोळसा खाणींची किंवा कागद गिरणीची. कापसाच्या वावरावर जगणारी नव्हेत.

पुढचा भाग मेसेजमध्ये नाहीच. पहिल्या हंगामात एइबारने अर्ध्या वाटेवर २७ गुण केले होते. दुसऱ्या अर्ध्यात फक्त ८. शेवटी ३५ गुणांवर अठरावा क्रमांक, म्हणजे पदावनती. वाचला तो एल्चेमुळे. तो संघ गुणतक्त्यात सुरक्षित जागी होता, पण पैशांच्या थकबाकीमुळे त्याला खाली पाठवलं गेलं. मग २०१५ मध्ये स्पेनने टीव्ही हक्क एकत्र विकायचा कायदा केला. त्यात ९० टक्के रक्कम पहिल्या श्रेणीला आणि त्यातली निम्मी सगळ्या क्लबांना सारखी. छोट्या गावाचा क्लब पहिल्या श्रेणीत सलग सात हंगाम राहिला, त्यात प्रशिक्षक मेंडिलिबार यांचं काम मोठं, पण त्या निम्म्या वाट्याचंही तितकंच. २०२१ मध्ये एइबार शेवटच्या क्रमांकावर राहून उतरला. आपल्याकडे काय? लीग चालवण्याचा हक्क-करार संपत आला आणि पुढचं ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये खुद्द आयएसएलच थांबवून ठेवावी लागली.

हॉफेनहाइमवर फार शाई घालवायची गरज नाही. गाव ३ हजारांचं, हे खरं. पण सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक डिटमार हॉप लहानपणी त्या क्लबकडून खेळले होते. १९९० च्या सुमारास क्लब जिल्हा पातळीवर धडपडत असताना ते मदतीला आले आणि २००८ मध्ये क्लब बुंडेसलीगात पोचला. त्यांनी घातलेली रक्कम ३५ कोटी युरोंच्या घरात सांगितली जाते. तीस हजार आसनांचं स्टेडियम गावात नाही, शेजारच्या झिन्सहाइम शहराबाहेर महामार्गालगत आहे. "पाठीशी धनदांडगा नाही" असं लिहून त्याखाली हॉफेनहाइमचं नाव घालायला धाडस लागतं.

"भारतात असं कोणी केलंच नाही." केलं आहे, आणि त्याचा शेवटही माहीत असायला हवा. पंजाबातलं फगवाडा. तिथल्या कापड गिरणीचा जेसीटी संघ १९७१ चा. त्यांनी ड्युरंड चषक पाच वेळा जिंकला, फेडरेशन चषक नेला आणि १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. विजयन, बायचुंग भुतिया, ज्यो पॉल अंचेरी हे सगळे त्या काळात तिथे खेळले. २०११ मध्ये संघ आय-लीगमधून खाली गेला आणि कंपनीने संघच बंद केला. चाळीस वर्षं चाललेली गोष्ट एका निर्णयात संपली, कारण गावाचा त्यात कायदेशीर वाटा शून्य होता. फक्त वर्गणीवाला क्लब उभा राहत नाही आणि फक्त मालकवाला गावाचा राहत नाही, एवढं तरी फगवाड्यावरून कळतं.

आता "५०० रुपयांचा शेअर". मेसेजमधली सगळ्यात धोक्याची ओळ हीच.

शेअर देता येतो तो कंपनीला. तालुक्यातली मंडळं असतात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली, म्हणजे ओघाने सार्वजनिक न्यास. न्यासाला शेअर नसतो, नफावाटप नसतं. पावती देता येते, भागपत्र नाही. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे बिगर-नफा, कंपनी काढली तरी लाभांश देता येत नाही. खासगी कंपनी काढली तर सभासद २०० पर्यंतच आणि लोकांना "शेअर घ्या" असं जाहीर आवाहन करायला बंदी. व्हॉट्सॲपवर फिरलेला मेसेज हे जाहीर आवाहनच. जाहीर विक्रीसाठी सार्वजनिक कंपनी, माहितीपत्रक आणि सेबी, म्हणजे शेअर बाजाराचा नियामक. म्हणजे तालुक्याच्या मंडळाचा विषय संपला. एइबारला हे जमलं, कारण स्पेनच्या १९९० च्या क्रीडा कायद्याने व्यावसायिक क्लबांसाठी वेगळा कंपनी प्रकारच तयार केला होता. आपल्याकडे तसा नाही.

मग सरळ वाट कोणती? किमान सात जणांनी संस्था नोंदवायची, पॅन आणि बँक खातं संस्थेच्या नावाने, सह्या दोघांच्या. सभासद शुल्क घटनेत लिहायचं. नोंदणी होण्याआधीच वर्गणी फिरवायची असेल तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळांना हे पाठ असतं, फुटबॉलवाल्यांना नसतं. दरवर्षी लेखापरीक्षण. आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद: कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो न दिल्याने दहा वर्षांपूर्वीचा, कधीच पुण्याला गेलेला सचिव कागदावर सचिव राहतो, बँक सही मानत नाही आणि जिल्हा संघटनेकडे हक्क सांगायला दोन गट उभे राहतात. क्लब मरतात ते सहसा इथे, मैदानावर नाही.

"पाच वर्षांत आयएसएल" याबद्दल: एइबारची स्थापना १९४० ची, पहिली श्रेणी २०१४ ला. चौऱ्याहत्तर वर्षं. हॉफेनहाइमला अब्जाधीश असूनही अठरा. आपल्याकडची शिडी २०२५ पर्यंत अशी होती: जिल्हा संघटनेची लीग, राज्य पातळी, मग २०२३ पासून सुरू झालेली आय-लीग ३, आय-लीग २, आय-लीग आणि त्यावर आयएसएल. शेवटची पायरी कित्येक वर्षं नव्हतीच. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलने आणि २०१७-१८ मध्ये मिनर्व्हा पंजाबने आय-लीग जिंकली, दोघांनाही वरचं दार बंद. जिंकून आयएसएलमध्ये गेलेला पहिला संघ पंजाब एफसी, तोही २०२३ ला. शिवाय जिंकणं पुरत नाही, परवाना लागतो. त्यात खेळ, सुविधा, मनुष्यबळ, कायदा आणि पैसा अशा पाच बाजू तपासतात: वयोगटांचे संघ, लायसन्सवाले प्रशिक्षक, लेखापरीक्षित हिशेब, खेळाडूंची थकबाकी नाही याचा पुरावा.

ऐझॉलचं उदाहरण मात्र मेसेजमध्ये असायला हवं होतं. मिझोराममध्ये २०१२ ला राज्याची प्रीमियर लीग सुरू झाली ती स्थानिक केबल वाहिनीच्या पैशावर, आणि सामने घरोघरी दिसू लागले. आधी लीग, मग विजेता क्लब. आपल्याकडे उलटं चालतं: चार दिवसांची बक्षिसाची स्पर्धा, प्रवेश फी, नागपूर-कामठीहून सामन्यापुरते आणलेले खेळाडू, फायनलला आमदार, आणि सोमवारपासून मैदान ओसाड. त्या खेळाडूंची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत दुसऱ्या क्लबकडे असते. जिल्हा लीगमध्ये उतरायची वेळ आली की आपल्या संघात अकरा जण भरत नाहीत.

मेसेजमध्ये मैदानाचा शब्दही नाही. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान आणि कडेला दोन-तीन मीटर मोकळं, म्हणजे ८,००० चौरस मीटर, दोन एकर. आपली काळी माती पावसात फुगते, बुटाच्या खिळ्यांना किलो-किलोने चिकटते. उन्हाळ्यात पंजा जाईल अशा भेगा पडतात आणि घोटे मुरगळतात. सर्रास होणाऱ्या चुका दोन. एक, मुरूम टाकून रोलर फिरवणे: मैदान रस्त्यासारखं कडक होतं, घसरलं की गुडघा सोलतो, गवत धरत नाही. दोन, काळ्या मातीवर दोन-तीन इंच रेती पसरणे: पाणी खाली जात नाही, रेतीतच अडतं आणि जुलैत चिखलाचं कालवण होतं.

पूर्ण पद्धतीने करायचं तर ३० सेंटीमीटर माती काढा, म्हणजे २,४०० घनमीटर, साडेआठशे ब्रास. तळाला उतार, पाच मीटरवर चर, चरात १०० मिलिमीटरचे छिद्रांचे पाइप, त्यावर गिट्टी, मग रेतीप्रधान थर. तितकीच रेती परत आणायची, तीही साडेआठशे ब्रास. तालुक्याला हे झेपत नाही. झेपणारा मार्ग असा: एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाणाऱ्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना एक टक्का उतार, म्हणजे मैदानाचा कणा कडेपेक्षा ३४ सेंटीमीटर उंच, कडेने गटार, ते नाल्याला जोडलेलं, आडवे गिट्टीचे चर, वर निदान १५ सेंटीमीटर रेतीमिश्रित थर. पहिला पाऊस लागला की हरळीच्या कांड्या वीतभर अंतरावर लावायच्या. वावरात जिच्यावर तणनाशक मारतो तीच हरळी इथे सोनं. दोन-अडीच महिने कोणालाही आत सोडायचं नाही, आठवडी बाजार आणि सभेचे मांडव तर कधीच नाही. बल्लीचे खड्डे बुजवले तरी पुढच्या पावसात खचतात. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी ४०,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे आठ टँकर. बोअरची सोय नसलेल्या जागेवर गवत लावूच नका.

हा खर्च घरामागे ५०० रुपयांत बसत नाही. खाणी, सिमेंट, वीज प्रकल्प यांच्या पट्ट्यात सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, हा खरा आधार आहे, कारण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण येतं. पण जर्सीवर लोगो छापून प्रसिद्धीसाठी दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरत नाहीत, तो प्रायोजकत्व ठरतो. म्हणून अर्ज "संघाला मदत करा" असा न देता प्रशिक्षण केंद्राचा द्यायचा: किती मुलं-मुली, आठवड्यात किती सत्रं, प्रशिक्षकाचं लायसन्स कोणतं. सोबत आयकर सवलतीची १२-अ, ८०-जी आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी. शेवटची नोंदणी एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे, आणि ती नसेल तर फाइल पहिल्याच टेबलावरून परत येते.