किलिमांजारो म्हणे "आफ्रिकेतलं कळसूबाई"!

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा, की किलिमांजारो म्हणजे आफ्रिकेतलं कळसूबाई, दोर नको क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे काटे) नको, नुसतं चालायचं, फिट माणसाला ५ दिवस बास, त्रास झाला तर डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आहेच, आणि गाइड-पोर्टर हा सगळा लुटायचा धंदा. खाली पन्नास अंगठे.

आधी कळसूबाईचं बघू. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. किलिमांजारोच्या मरांगू रूटचं (वर जाणाऱ्या वाटांपैकी एक) गेट, जिथे तुम्ही अजून रजिस्टरमध्ये नाव लिहिताय, तेच त्याच्याहून उंचावर आहे, आणि किलिमांजारोचं शिखर, उहुरू पीक, ५८९५ मीटरवर. दोर लागत नाही हे खरंय, नेहमीच्या वाटांवर क्रॅम्पॉनही सहसा लागत नाहीत, मान्य. पण दोर लागत नाही म्हणजे सोपं हे कुठलं गणित? वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्माच, त्याला दोर काय करणार.

आता ५ दिवस. मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट हीच. मरांगूवर पहिली रात्र मंदारा हट २७०० च्या आसपास, दुसरी होरोम्बो ३७००, तिसऱ्या दिवशी किबो हट ४७००, म्हणजे रोज हजार मीटर वर, आणि डॉक्टर लोक सांगतात की ३००० च्या वर गेलात की झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. बरोब्बर दुप्पट! वर किबोला धड झोपही नाही, मध्यरात्रीच्या सुमाराला उठवतात आणि भुसभुशीत मुरमावरून चढायला लावतात, दोन पावलं वर एक पाऊल खाली, बॅगेतल्या पाण्याच्या नळीत बर्फ झालेला, जवळजवळ १२०० मीटर चढून शिखर आणि त्याच दिवशी उतरून परत होरोम्बो. मचामे या दुसऱ्या रूटवर निदान लाव्हा टॉवरला ४६०० पर्यंत चढवून झोपायला खाली बरांको कॅम्पला आणतात, शरीराला सवय होते ती अशी. मग ५ दिवसांची पॅकेजं विकतात कशाला? कारण पार्कची फी दिवसावर आहे, राहण्याची फी रात्रीवर. एक दिवस कापला की पॅकेज स्वस्त दिसतं, एवढंच.

"फिट असाल तर त्रास नाही" हे तर साफ खोटं. उंचीचा त्रास तुमची मॅरेथॉनची मेडलं बघत नाही. उलट जिमवाले तरुण पहिल्या दिवशी सुसाट सुटतात आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात, आणि रोज सह्याद्री तुडवणाऱ्या आपल्या मंडळींची खोड तीच, पुढच्याला गाठायचं. गाइड मागून "पोले पोले" (स्वाहिलीत, हळूहळू) ओरडत असतो, ऐका त्याचं.

डायमॉक्स वाईट नाही. तिच्याने श्वास वाढतो, शरीर लवकर जुळवून घेतं, बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं उठावं लागतं. पण ती साधारण आदल्या दिवसापासून घ्यायची असते, तीही डॉक्टरला विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नको. आणि माणूस सरळ रेषेत एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत चालू शकत नसेल, बडबडत असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल तर मेंदूला सूज नाहीतर फुफ्फुसात पाणी, तिथे "गोळी देऊन बघू" चालत नाही, रात्र असो की शिखर समोर असो, ताबडतोब खाली.

गाइड-पोर्टरच्या लुटीबद्दल काय बोलायचं! गाइडशिवाय तिथे चढूच देत नाहीत, नियम आहे. पोर्टरच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे, गेटवर काटा लावतात. तुमचा तंबू, गॅस, अंडी, पीठ सगळं तो वाहतो आणि तुमच्याआधी कॅम्पवर पोचून चहा टाकतो. दर पाडून घेतलेल्या पॅकेजमध्ये पहिली कात्री त्याच्याच मजुरीला लागते. टिप आधीच बजेटमध्ये धरा, वर जाऊन घासाघीस नको.

मेसेजमध्ये इन्शुरन्सचं नावही नाही. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसी ठराविक उंचीवरचं ट्रेकिंग धरतच नाहीत, तेव्हा ६००० मीटरपर्यंतचं कव्हर आणि हेलिकॉप्टर दोन्ही आहे का ते वाचून घ्या. आणि ५ दिवसांचं बुकिंग करूनच बसला असाल तर आजच फोन करून होरोम्बोला एक रात्र वाढवून मागा, ६ दिवसांचं पॅकेज बहुतेकांकडे असतं.