सात दिवस गोळ्या, नवव्या दिवशी पू

दादा,

मागच्या लेखाखाली तुम्ही चिडून लिहिलंत : वहिनींना सिझरनंतर सात दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, तरी नवव्या दिवशी टाक्यातून पू आला, आणि ही सिस्टरबाई म्हणते एका डोसात भागतं! लोक गोळ्या अर्धवट सोडतील अशानं. राग समजला. पण सात दिवसांच्या गोळ्यांनी पू थांबला नाहीच की.

आधी माझी चूक. टाके पिकू नयेत म्हणून द्यायचा डोस वेगळा आणि पिकलेल्या टाक्यावरचा इलाज वेगळा, हे मी नीट फोड करून लिहिलं नाही. पू झालाय, ताप आहे, तर डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुराच करायचा. मी बोलत होते ते सुरी लावण्याआधी तासाभरात द्यायच्या अँटिबायोटिकच्या एका इंजेक्शनबद्दल. कातडी उघडते त्या क्षणी औषध तिथं पोचलेलं हवं. ती वेळ हुकली, तर नंतर आठवडाभर गोळ्या खाऊन भरून निघत नाही.

मी ऑपरेशन थिएटरात कामाला लागले तेव्हा आम्ही हे इंजेक्शन बाळाची नाळ कापल्यावर द्यायचो, बाळाला औषध जाऊ नये म्हणून. पुढं अभ्यासांतून दिसलं, की आधी दिलं तर आईच्या जखमा कमी पिकतात. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही तेच सांगितलं : आधी द्या, ऑपरेशननंतर लांबवू नका. ब्लेडनं केस काढू नका, हेही त्यातच आहे. आमच्या वेळी मावशी आदल्या रात्री ब्लेड फिरवायच्या, बारीक ओरखडे पडायचे. जंतूंना आयतंच घर! (ऑपरेशन फार लांबलं किंवा रक्त खूप गेलं, तर दुसरा डोस लागतो.)

वहिनींचेच टाके का पिकले, हे न बघता मी कसं सांगू? खूप वेळ कळा देऊन मग सिझर, पाणी आधीच गेलेलं, साखर, वजन, अंगात रक्त कमी, काहीही असेल. त्यात सोलापूरचा मे महिना. पोटाच्या घडीखाली टाका घामानं ओलाच राहतो. वरण खाल्ल्यानं पू झाला, हे तुमच्या आईंचं म्हणणं मात्र खरं नाही. जखम भरायला डाळच लागते हो.

‘आमच्याकडे असं कधीच होत नाही’ हे दवाखान्याचं उत्तर तुम्हाला खटकलं, ते बरोबरच. ऑपरेशननंतर तीस दिवसांत जखम पिकली तरी ती ऑपरेशनच्याच खात्यावर धरतात. पण बाई चार-पाच दिवसांत घरी, तिथून माहेरी, अक्कलकोटला नाहीतर बार्शीला. पू येतो तिकडं, ड्रेसिंग करतो गावातला डॉक्टर. इथलं रजिस्टर कोरडंच.

म्हणून वहिनींना त्याच दवाखान्यात परत न्या, बाहेर ड्रेसिंग चालू असलं तरी. लाली पसरत असेल, घाण वास किंवा ताप असेल तर आजच. पू कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत ते तपासायला, पाठवा म्हणा. औषध बदलायचं का, आणि कोणतं, ते त्यावरून ठरेल. आणि केसपेपरवर ‘टाके पिकले’ असं लिहून घ्या.